कडू घास

सुभद्राआक्काला कुठलीही बातमी उभ्याने सांगता यायची नाही. पगार वाढलेला असो, माझ्या आईचा गावाकडून फोन आलेला असो, नाहीतर उद्या नळाला पाणी येणार नसो, मी दारातून तोंड उघडलं की तिचा हात वर व्हायचा. "बस आधी. उभ्याउभ्या काय सांगू नको." मग मी चपला काढायच्या, खांद्यावरची बॅग उतरवायची, भिंतीला टेकून बसायचं. तीही समोर बसकण मारायची, पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "हां, बोल." आणि मी सांगायची, "आक्का, उद्या कंपनीची गाडी जरा लवकर येणार आहे."

"हात्तिच्या," असं म्हणून ती गुडघ्यावर हात रेटत उठायची.

पहिले काही महिने मला हा तिचा विक्षिप्तपणाच वाटायचा. ऑफिसात मी तिची नक्कल करून मैत्रिणींना हसवतही असे.

मी यवतमाळची. कॉम्प्युटरची पदवी घेऊन पुण्याला आले तेव्हा पुण्यात रोज कुठेतरी नवी कंपनी उघडत होती, आणि आमच्याकडची मुलं एकामागून एक इथे येऊन पडत होती. नोकरी चटकन मिळाली; राहायला जागा मिळेना. कसबा पेठेतल्या एका बाईंनी मला जिन्यातच थांबवून विचारलं, "यवतमाळ? एवढ्या लांबून आलात? तिकडे कॉम्प्युटर चालत नाहीत का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत दार लावून घेतलं. शेवटी विश्रांतवाडीच्या पुढे, धानोरीत, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर खोली असल्याचं कळलं. घर नव्या धर्तीचं होतं. दर्शनी बाजूला निळी काच, जिन्याला स्टीलचे चकचकीत कठडे, आणि अंगणात मात्र जुन्या गोठ्याची दगडी गव्हाण तशीच ठेवलेली. तिच्यावर आक्का धुणं धुवायची.

घरमालक तात्यांनी माझी रीतसर चौकशी केली. कंपनी कुठली, वडील काय करतात, रात्री यायला किती उशीर होतो. आक्का दाराआड उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला. "रातीला चपाती खातीस का भात?"

"पोळी," मी म्हणाले.

"पुरणाची? रोज?"

आमच्याकडे चपातीला पोळीच म्हणतात हे मी समजावून सांगायला लागले, तशी ती तोंडाला पदर लावून हसली. पदर लावला तरी दिसलंच. तिचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. "असू दे," ती म्हणाली. "वऱ्हाडी हाय. शिकंल हळूहळू." त्या दिवसापासून मी 'वऱ्हाडी' झाले. मी तिला अहो-जाहो करायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "मी काय तुझी साहेब हाय?" तोही प्रश्न मिटला.

खोलीबरोबर जेवण ठरलेलं नव्हतं. तरी आठवडाभरात मी खालीच जेवायला लागले. कसं झालं ते मलाही कळलं नाही. कंपनीची गाडी न्यायला आली आणि ड्रायव्हरने दारात हॉर्न वाजवला की आक्का बाहेर जाऊन त्याला झापायची, "आरं, पोरगी जेवतीया. विमान हाय का तुझं?" आणि मग त्याच्याच हातात चहाचा कप द्यायची. दोन-तीन ड्रायव्हर तर मुद्दाम हॉर्न वाजवायला लागले.

खाली जेवायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं बोलणं नाही. माझ्यामुळे त्यांची मोठी सोय झाली.

"त्यांना इचार, भाकरी वाढू का आणखी?" आक्का मला विचारायची. तात्या तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले.

"तिला सांग, अर्धी चालंल."

"त्यांना म्हणावं, गोळी घेतली का बीपीची?"

"घेतली म्हणावं."

मी तोंडातला घास गिळून इकडून तिकडे बघायची. नंतर नंतर मी मध्ये बोलायचंही सोडून दिलं. मी नुसती बसलेली असले की पुरे असायचं. ते दोघं माझ्याकडे बघून बोलायचे आणि निरोप आपोआप पोचायचे. मी गावी गेले की त्या घरात काय होत असेल, असा विचार मनात यायचा.

भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो होता. दाट केस, छातीवर सोन्याची साखळी, नव्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा. फोटोला हार नव्हता. "ह्यो आमचा संतू," आक्का म्हणाली होती. "बाहेर असतो. गोव्याकडं." मी समजले, नोकरी असेल. माझ्या वयाची इतकी मुलं तेव्हा इतक्या ठिकाणी पांगलेली होती की पुढे विचारावंसं वाटलं नाही.

महिन्यातून एकदा मात्र आक्का माझ्यावर एक काम सोपवायची. संतूच्या मोबाइलचं रिचार्ज. कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड आणायचं, खरवडायचं, आकडे दाबायचे. "नंबर बंद पडाया नको," एवढंच तिचं म्हणणं. मग ती स्वतःचा छोटा फोन माझ्या हातात द्यायची. "लाव की एकदा." मी नंबर लावून फोन तिच्या कानाला धरायची. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई बोलायची, की आपण संपर्क करू इच्छित असलेला क्रमांक सध्या बंद आहे. आक्का ते शेवटपर्यंत ऐकायची, मराठीतून, मग हिंदीतून, मग इंग्रजीतून.

"सध्या म्हणती ना ती?" एकदा तिने मला विचारलं.

"हो."

"सध्या. म्हंजी कायमचं न्हाई."

मी म्हणाले, "बरोबर आहे आक्का. रेंजमध्ये नसेल." आणि बॅग उचलून कामाला गेले.

तात्यांनी मला खरं सांगितलं ते गच्चीवर, एका रविवारी संध्याकाळी. मी वाळलेले कपडे काढत होते. ते वर आले, कठड्याला धरून समोरच्या इमारतींकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, त्यो नंबर लागायचा न्हाई. तू उगा दुकानाला हेलपाटे घालतीस."

समोर जिथे आता सात-आठ मजल्यांच्या इमारती होत्या, ती त्यांची जमीन. पूर्वी तिथे मेथी, कोथिंबीर, वांगी. आक्का आणि संतू मिळून टेम्पो भरायचे आणि मार्केट यार्डात माल घालून यायचे. आई पुढे बसायची, पोरगा चालवायचा, येताना दोघं मिसळ खाऊन यायचे आणि घरी आल्यावर भूक नाही म्हणायचे. मग जमिनीला भाव आला. जमीन गेली, तशी विहीर बुजली, टेम्पो विकला, घर झालं. संतूला काम उरलं नाही. तात्यांनी त्याला गाडी घेऊन दिली. गाडी आली त्याच महिन्यात तो चार मित्रांना घेऊन गोव्याला गेला.

"विहिरीत पवणारं पोरगं," तात्या म्हणाले. "वरनं सूर मारायचं, तळाची माती मुठीत घिऊन वर यायचं. त्याला वाटलं, पाणी ते पाणी."

मित्र परत आले. संतू आला नाही. तात्या आणि भावकीतली माणसं किनाऱ्यावर जाऊन राहिली, होड्या लावल्या, पोलीस झाले. काहीच हाती लागलं नाही. अखेर भावकी म्हणाली, असं अधांतरी ठेवू नये. दर्भाचा पुतळा करून तात्यांनी त्याला अग्नी दिला, डोकं भादरलं, आळंदीला जाऊन दहावा उरकला. आक्का घरातून हलली नाही. तात्या परत आले तेव्हा दारातच तिने विचारलं, "माझ्या पोराला गवतात जाळून आलात?" ते तिचं तात्यांशी शेवटचं बोलणं.

"आणि दात?" मी विचारलं. का कोण जाणे, मला तेवढंच सुचलं.

"पोरांचा फोन आला तवा ती अंगणात उभी व्हती. मीच सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं मी." तात्यांनी खाली अंगणाकडे बोट केलं. "तशीच त्या गव्हाणीवर पडली."

मी कपडे हातात घेऊन तिथेच बसून राहिले. नक्कल त्यानंतर मी कधी केली नाही.

रिचार्ज मात्र आणत राहिले. तात्यांनीही पुन्हा काही म्हटलं नाही. जेवताना आम्ही तिघं तसेच बसायचो, आणि मला आता त्या दोघांच्या मधल्या जागेत बसणं जड जायचं.

माझं तिथलं तिसरं वर्ष चालू असताना कंपनीला एक मोठं काम मिळालं आणि साहेबांनी सहल जाहीर केली. गोवा. प्रत्येकाने घरचं एक माणूस बरोबर आणायचं. पहिल्या संध्याकाळी बोटीतून सूर्यास्त बघायचा, बोटीवरच गाणीबजावणी आणि जेवण. माझ्या आईला दमा, वडिलांना रजा नाही. मी एकटीच जाणार होते आणि घरी फक्त 'ऑफिसची सहल' एवढंच सांगायचं ठरवलं होतं.

आक्काने मला बसवलं. "हां, बोल."

"चार दिवस ऑफिसच्या सहलीला चाललेय. घरचं एक माणूस न्यायचंय, पण आमच्याकडचं कुणी येत नाहीये."

"कुठं?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं, पण तिच्यासमोर बसून ते जमलं नाही. "गोव्याला."

ती उठली, आत गेली, भांडी घासायला लागली. दोन दिवस गोव्याचा विषय नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना, आमटी वाढता वाढता, ती म्हणाली, "तुझ्या घरचं कुणी येणार न्हाई म्हणालीस. मी येऊ का?"

तात्यांचा हात ताटातच राहिला. "तिला सांग, नको जाऊ. सोसायचं न्हाई तिला."

"त्यांना सांग, आजवर काय काय सोसलं ते माझं मला ठावं."

तात्यांनी मान वर केली. माझ्याकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघून ते म्हणाले, "सुभद्रे, नको."

किती वर्षांनी त्यांनी तिला हाक मारली होती. आक्काने पळी आमटीत ठेवली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि आत निघून गेली. निघायच्या दिवशी तिची पिशवी बसपर्यंत तात्यांनीच आणली. बस सुटताना ते खिडकीखाली उभे होते. मला म्हणाले, "एकटी सोडू नको." आक्का पलीकडे बघत होती.

ऑफिसातल्या मुलींनी तिला लगेच आपलंसं केलं. नऊवारीतली बाई आमच्या टोप्या-गॉगल घातलेल्या घोळक्यात उठून दिसत होती. "मीनल, तुझी आई किती क्यूट आहे गं!" मी ती माझी आई नाही हे सांगत बसले नाही, आणि आक्कानेही सांगितलं नाही. सगळे समुद्रावर गेले तेव्हा ती हॉटेलच्या खोलीतच राहिली. "तिथं न्हाई," म्हणाली. "बोट आत जाती ना? मग बोटीनंच जाऊ."

बोट नदीच्या धक्क्यावरून सुटणार होती. वरच्या डेकवर प्लास्टिकच्या खुर्च्या, रंगीत दिव्यांच्या माळा, एका टोकाला छोटं स्टेज. गाणी सुरू झाली. बोट पुलाखालून निघून संथ पुढे सरकायला लागली. नदी इतकी रुंद होती की पलीकडची माडांची रांग एखाद्या रेघेसारखी दिसायची. ऊन तिरपं झालं होतं, पाण्यावर सगळा तांब्याचा रंग पसरलेला. खरं सांगायचं तर फार सुंदर होतं सगळं. आक्का कठड्याजवळ बसली होती आणि तिचा पदर वाऱ्याने फडफडत होता.

"लई मोठं पाणी," ती म्हणाली.

"ही नदीच आहे अजून आक्का."

"ह्ये नदी?" तिने पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं.

मग स्टेजवरच्या माणसाने जोडप्यांना नाचायला बोलावलं. आमचे साहेब, ज्यांच्या केबिनसमोरून जाताना आम्ही हळू पावलं टाकायचो, ते फुलाफुलांचा शर्ट घालून बायकोबरोबर असे काही उड्या मारायला लागले की आक्काने माझा हात दाबला. "ह्या मानसाला तू साहेब म्हणतीस?" आणि ती हसली, तोंडाला पदर न लावता, तुटका दात दाखवत. मला इतकं हलकं वाटलं! वाटलं, बरं झालं आणलं. वाटलं, तात्या उगीच घाबरले.

थोड्या वेळाने मी तिच्यासाठी सरबत आणायला गेले. परत आले तर खुर्ची रिकामी.

जिन्याने धावत खाली गेले. खालच्या डेकवर जेवणाची तयारी चालली होती. मोठी मोठी झाकलेली भांडी, थाळ्यांच्या चवडी. वाढप्या मुलगा म्हणाला, "आजीबाई ना? त्यांच्या मुलाला भूक लागली म्हणून ताट वाढून घेऊन गेल्या. जेवण सूर्यास्तानंतर असतं, पण म्हटलं, लहान असेल."

ती मागच्या बाजूला होती, जिथे दोरखंड गुंडाळून ठेवतात. एका हातात ताट. भात, वरण, बुंदीचं दही, आणि दोन गुलाबजाम. तिच्यासमोर बोटीचा एक म्हातारा खलाशी उभा होता. खाकी अर्धी चड्डी, उन्हाने करपलेलं अंग.

"पाण्यात काही टाकायचं नाही आजी," तो सांगत होता. "आम्हाला बोलणी बसतात."

"टाकत न्हाई," आक्का म्हणाली. "वाढतीया."

खलाशी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काय समजायचं ते समजलं असावं.

"मुलगा?" त्याने विचारलं.

"व्हय. इथंच. समुद्रात."

"हा अजून समुद्र नाही. थोडं पुढे मुख आहे नदीचं. तिथे आमची बोट वळते." तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिचा दंड धरला. "आता नको. मी सांगतो तेव्हा."

वर गाण्यांचा आवाज वाढला होता. बोट डुलायला लागली. पाण्याचा रंग बदलला, खालून मोठी लाट येऊन अंग वर उचलतेय असं वाटायला लागलं. समोर काहीच नव्हतं, किनारा नाही, झाड नाही, नुसतं पाणी, आणि त्याच्या कडेला टेकलेला लाल सूर्य.

"आणखी पुढं न्हाई नेत?" आक्काने विचारलं.

"नाही आजी. आमची हद्द इथपर्यंत."

ती काही वेळ बघत राहिली. मग शांतपणे, जसं बाजारात भाव विचारावा तसं, तिने विचारलं, "ह्यात गेलेलं मानूस परत येतं का?"

"यायचे असतात ते दोन-चार दिवसांत येतात," तो म्हणाला. "नंतर नाही."

"मला साताठ वर्सं झाली."

त्याने मान खाली घातली. बोटीचं नाक वळायला लागलं तसा तो म्हणाला, "आता."

आक्का वाकली. त्याने एका हाताने तिला आणि मी दुसऱ्या बाजूने तिच्या कमरेला धरलं. तिने भात वरणात कालवला, मऊ केला, लहान मुलाला भरवतात तसा एक एक घास करून ती पाण्यात सोडत गेली. घाई नाही. तोंडाने हळू काहीतरी चाललं होतं, इंजिनाच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "आनि हे गोड. तुझं आवडीचं." वर सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली आणि टाळ्या वाजवल्या. सूर्य बुडाला होता. आक्काने तिकडे बघितलंच नाही. ताट रिकामं झालं, बोट पूर्ण वळली आणि पाण्यावर मागे राहिलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे ती दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग खलाशाला म्हणाली, "ल्येकरा, सोड आता. पडत न्हाई मी." तो तिच्याहून थोरलाच असेल.

वर आलो तेव्हा जेवणाची रांग लागली होती. मी म्हटलं, "आक्का, नको वाटत असेल तर जेवू नकोस." ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "न्हाई. तू वाढून आण. आज मी माझ्या हातानं घ्यायचं नसतं."

मी ताट आणून तिच्यासमोर धरलं. तिने पहिला घास घेतला आणि तो तिच्या तोंडातच फिरत राहिला. आजूबाजूला मुलं आइस्क्रीमसाठी पळत होती, साहेब कुणाबरोबर तरी फोटो काढत होते. शेवटी तिने घास गिळला.

"आमच्यात कडू घास म्हणत्यात ह्याला," ती म्हणाली. "मयताला अग्नी दिऊन आलं की घरात चूल पेटवायची न्हाई. शेजारपाजारचं कुणी आणून भरवतं. कडूच लागतो, पन खावा लागतो. तवा मी खाल्ला न्हवता." तिने ताटाकडे बोट दाखवलं. "तू बी बस. एकटीला जात न्हाई."

मी तिच्या ताटातच जेवले. रडत जेवले. ती रडली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत, एक कणही न ठेवता ताट संपवेपर्यंत ती जेवत राहिली.

बस विश्रांतवाडीला पोचली तेव्हा सकाळ होती. तात्या स्टॉपवर येऊन थांबले होते. कधीपासून, विचारलं नाही. अंगणात शिरल्यावर आक्काने पिशवी खाली ठेवली आणि तात्यांकडे वळली.

"बसा आधी," ती म्हणाली.

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच पायरीवर बसले. तीही त्यांच्याजवळ बसली.

"आपला संतू गेला वो," ती म्हणाली.

ज्या माणसाने पुतळ्याला अग्नी दिला होता, दहावा केला होता, लोकांना जेवू घातलं होतं, तो माणूस त्या पायरीवर लहान मुलासारखा ओरडून रडला. मी जिन्याने वर गेले. त्या दोघांना माझी आता गरज नव्हती.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. ती दोघं बोलायला लागली हे खरं. फोटोला हार आला. पुढच्या महिन्यात मी रिचार्जचं विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्या बाईला तरी किती दिवस बोलाया लावायचं?" पण आक्का खचत गेली. हॉर्न वाजला तरी बाहेर यायची नाही. भाजीवाल्याशी हुज्जत घालायची नाही; देईल ती भाजी घ्यायची. अंगणात बसली की बसूनच राहायची. वाट बघण्यात तिची किती ताकद होती, ते वाट बघणं संपल्यावर कळलं. मी तिला तिथे नेलं ते चांगलं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. एकदा तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "तू नेलं न्हाईस पोरी. ती गेली."

माझं लग्न ठरलं. यवतमाळला निघण्याच्या आदल्या दिवशी आक्काने मला पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

"लग्नानंतर फिरायला जात्यात ना आता?" तिने विचारलं. "कुठं चाललात?"

होणाऱ्या नवऱ्याने तारकर्लीचं, समुद्रकाठचं, बुकिंग केलेलं होतं. मी ओटीतले तांदूळ सावरायला लागले.

ती समजली. "जा की," म्हणाली. "तुमचं वय हाय. मजा करा, बोटीत बसा, सगळं करा. फकस्त मला सांगू नको."

त्यानंतर तिची माझी भेट झाली नाही. लग्नानंतर आम्ही काही काळ परदेशी गेलो आणि तिकडे असतानाच तात्यांचा फोन आला, की आक्का झोपेतच गेली. पण त्याआधी एकदा तिचा आवाज मी ऐकला.

तारकर्लीला दुसऱ्या संध्याकाळी आम्ही वाळूत उभे होतो. पाणी पावलांपर्यंत येऊन जात होतं. मोबाइल वाजला आणि मी न बघताच उचलला.

"वऱ्हाडी, कशी हाईस गं?"

"बरी आहे आक्का. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीया. सासरची मानसं बरी हाईत ना?"

"चांगली आहेत."

"जेवलीस का?"

"अजून नाही. जेवेन आता."

त्याच वेळी एक मोठी लाट आली आणि फुटली.

"कसला आवाज येतोय गं?"

"पंखा आहे आक्का," मी म्हणाले. "घरात मोठा पंखा आहे."

मग तिने हळूच म्हटलं, "बरं. त्या पंख्यापासनं जरा लांब उभी ऱ्हा, पोरी."